पाच स्टार, पण सूट पाचशेची

सर्व्हिस सेंटरच्या क्लेम काउंटरपाशी एक गृहस्थ रिन्यूअलचा कागद घेऊन उभे होते. गाडी वर्षभराचीच. सहा एअरबॅग, क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार, पुढच्या काचेला आतून चिकटवलेलं कॅमेऱ्याचं काळं खोकं. काउंटरवरच्या मुलाला त्यांनी अगदी साध्या सुरात विचारलं, "अहो, सुरक्षित गाडी म्हणून वरचं मॉडेल घेतलं. मग इन्शुरन्सवाल्यांनी त्याचे किती कमी केले, तेवढं दाखवा." मुलाने कागद उलटसुलट केला आणि अँटी-थेफ्ट डिस्काउंटच्या ओळीवर पेन टेकवलं. तिथे पाचशेच्या आतला एक आकडा होता, आणि तोही चोरीविरोधी यंत्रणेचा. एअरबॅग, स्टार, कॅमेरा यांचं नाव कुठेच नव्हतं. गृहस्थ हसले, पैसे भरले आणि गेले. प्रश्न मात्र रास्त होता. त्याला उत्तर आहे, फक्त ते त्या कागदावरच्या कुठल्या एका ओळीत मावत नाही.

थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीसाठी) आणि ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठी) हे पॉलिसीचे दोन भाग सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांतला थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो फक्त इंजिनाकडे बघतो. १ जून २०२२ पासून लागू झालेले खासगी कारचे दर घ्या: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६, त्याच्या वर ७,८९७. तुम्ही आयुष्यात कुणाच्या सायकलीलाही घासला नसाल किंवा रोज एक सिग्नल तोडत असाल, आकडा तोच. त्यात सूट मिळते ती विजेवरच्या गाडीला १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के, आणि तिचा सुरक्षेशी संबंध नाही. म्हणजे जे काही कमी-जास्त व्हायचं ते ओन डॅमेजमध्ये. हा भाग १ जानेवारी २००७ पासून टॅरिफमधून, म्हणजे ठरवून दिलेल्या दरांतून, मोकळा झाला आणि तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपापलं गणित मांडते. गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली तिची आजची किंमत), वय, इंजिन, नोंदणी कुठल्या शहरातली (मुंबई-पुण्यासह आठ मोठी शहरं जुन्या टॅरिफमध्ये झोन ए मध्ये होती, बाकी देश झोन बी), आणि त्या मॉडेलचे क्लेम आजवर किती आणि केवढ्याचे आले. भारत एनसीएपी या क्रॅश टेस्टच्या स्टारना काही किंमत मिळालीच तर ती या पोटातल्या गणितात. ग्राहकाला 'स्टारबद्दल वजा' अशी ओळ दाखवण्याची सक्ती कुणावर नाही.

आणि खरं सांगायचं तर यात कंपनीचं फार काही चुकत नाही. भारत एनसीएपी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं. त्यात ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी पुढच्या एका बाजूने अडथळ्यावर आदळवतात, ५० च्या वेगाने बाजूने धडक देतात, २९ च्या वेगाने ती आडवी खांबावर नेतात. मग तपासतात काय, तर आतल्या डमीच्या डोक्याला, छातीला, मांडीच्या हाडाला किती मार बसला. ओन डॅमेजवाला पैसे भरतो ते पत्र्याचे, काचेचे आणि प्लास्टिकचे. डमीची मान वाचली याचे गुण मिळतात. बॉनेटचा चुरा झाला म्हणून ते कापले जात नाहीत, उलट पुढचा भाग चुरगळून धडकेची ऊर्जा त्याने पिऊन टाकावी अशीच रचना केलेली असते. माणूस वाचवणारी गाडी दुरुस्तीला स्वस्त पडेल असं कुणी कधी म्हटलेलंच नाही.

हे जवळून दिसतं ते एअरबॅग उडालेली गाडी वर्कशॉपमध्ये येते तेव्हा. दार उघडताच दारूगोळ्याचा जळका वास, सीटवर पांढरी भुकटी, स्टीअरिंगवर लोंबणारी रिकामी पिशवी. ती उघडायला डोळ्याची पापणी लवायलाही लागत नाही इतका कमी वेळ लागला होता. आता विम्यासाठी नुकसान मोजणारा सर्व्हेअर पार्टची यादी करायला बसतो. ड्रायव्हरची एअरबॅग, शेजारची एअरबॅग, तिने फाडलेला डॅशबोर्ड, स्टीअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग, पुढचे क्रॅश सेन्सर, एअरबॅग यंत्रणेचं (एसआरएसचं) कंट्रोल युनिट. धडकेत बेल्ट आवळणारे प्रीटेन्शनरही, कारण ते एकदाच उडतात. उडालेला बेल्ट आखडून बसतो आणि तो बदलावाच लागतो. खिडकीवरची पडद्याची एअरबॅग उघडली असेल तर छताचं अस्तरसुद्धा गेलं. त्यात आणखी एक मेख आहे. झिरो डेप (घसारा कापू न देणारं, जादा पैशांचं कव्हर) नसेल तर रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांच्या रांगेत एअरबॅगलाही बसवलंय, आणि या सगळ्यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरतात. चार-पाच वर्षांच्या छोट्या गाडीत पुढच्या दोन एअरबॅग उडाल्या की ही रेषा फार लांब राहत नाही. यातून कुणी कमी एअरबॅगची गाडी घ्यावी असा अर्थ काढू नये. झिरो डेप घ्यावं, असा काढावा.

मग पैसे वाचतात कुठे? एनसीबीत.

एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल ओन डॅमेज प्रीमियमवर मिळणारी सूट. त्याचे टप्पे पाठ असलेले लोक बरेच भेटतात: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. तो एका क्लेमने शून्यावर येतो हेही ठाऊक असतं. पण त्या शून्याची किंमत रुपयांत मांडून कुणी पाहत नाही. एक बंपर घेऊन पाहू. पार्किंगच्या खांबाला मागचा बंपर रिव्हर्समध्ये टेकला. कोपऱ्यावर तळहाताएवढा पोचा, रंगाचा पापुद्रा निघालेला, आतली एक क्लिप तुटलेली. समजा, एस्टिमेट आलं बंपरचे ६,००० आणि रंगकामाचे ५,०००. अ‍ॅडव्हायजर म्हणतो, "इन्शुरन्स आहे ना सर, टाकूया त्यात." झिरो डेप नाही असं धरा. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे बंपरचे ३,०००. रंगकामाच्या बिलातला २५ टक्के भाग रंगाच्या मालाचा समजतात आणि त्यावर ५० टक्के कापतात, म्हणजे ६२५ गेले, उरले ४,३७५. बेरीज ७,३७५. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला कम्पल्सरी डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये मालकानेच सोसायची रक्कम) १,००० वजा. हातात आले ६,३७५.

आता दुसरी बाजू. बोनस लावण्याआधीचा ओन डॅमेज प्रीमियम १२,००० धरा आणि यंदा ३५ टक्के बोनस चालू आहे. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्क्यांवर ६,६०० भरायचे, त्यानंतर ५० टक्क्यांवर दरवर्षी ६,०००. क्लेम केला तर पुढच्या वर्षी पूर्ण १२,०००. मग ९,६००, ९,०००, ७,८००, ६,६०० असं उतरत सहाव्या वर्षी कुठे पुन्हा ६,०००. दरवर्षीचा फरक ५,४००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००. एकूण १४,४००, आणि १८ टक्के जीएसटी धरून १६,९९२. आयडीव्ही दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून थोडा खाली येईल, पण चित्र बदलत नाही. सहा हजार घेण्यासाठी सतरा हजारांच्या घरातली रक्कम सोडायची. झिरो डेप असतं तर हातात १०,००० आले असते, तरी व्यवहार तोट्याचाच. अ‍ॅडव्हायजरला त्याचं काही नाही, वर्कशॉपचं बिल तुम्ही भरा नाहीतर कंपनी भरो. म्हणून एस्टिमेट हातात आलं की सही करण्याआधी दोन आकडे शेजारी लिहायचे: कंपनीकडून खरोखर किती येणार आणि बोनसचे किती जाणार. एनसीबी प्रोटेक्ट हे अ‍ॅड-ऑन घेतलेलं असेल तर हिशेब वेगळा. त्यात वर्षाला किती क्लेम माफ आहेत ते पॉलिसीच्या वर्डिंगमध्ये लिहिलेलं असतं.

या पद्धतीतली एक गोष्ट मनाला पटत नाही. बोनस जातो तो क्लेम केला म्हणून. चूक कुणाची होती हे कुणी विचारत नाही. सिग्नलला शिस्तीत उभ्या असलेल्या गाडीला मागून टेम्पोने ठोकलं, टेम्पोवाला पसार झाला, आणि तुम्ही आपल्या पॉलिसीतून दुरुस्ती घेतली, तरी बोनस शून्य. दुसरी खटकणारी बाजू अशी की बोनस वाचवण्यासाठी लोक नुकसान अंगावर काढतात. पैसे भरून दुरुस्ती केली तर ठीक, पण पुष्कळदा दुरुस्तीच होत नाही. प्लास्टिकचा बंपर चेपला तरी आतून दाबल्यावर टचकन जागेवर येतो आणि वरून सगळं बरं दिसतं. त्याच्या आतली लोखंडी क्रॅश बीम वाकलेली असली तर पुढच्या धडकेत ती आपलं काम करणार नाही. म्हणून क्लेम करायचा नसला तरी बंपर एकदा उतरवून बीम, तिचे दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट आणि दिवे अडकवायचे लग बघून घ्यावेत. तासाभराचं काम असतं.

क्लेम न करणं आणि क्लेमची वेळच न येऊ देणं यांतली दुसरी गोष्ट अर्थातच स्वस्त. वर्कशॉपच्या दारात उभं राहिलं तर येणाऱ्या गाड्यांच्या जखमा साधारण ठरलेल्या जागी दिसतात: मागच्या बंपरचे कोपरे, डावीकडची मागची फेंडर, डावा आरसा. डावी बाजू ड्रायव्हरपासून लांब, आणि कोपरे त्याला दिसतच नाहीत. रिव्हर्स पार्किंग सेन्सर जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या कारना सक्तीचे झाले, पण त्यांची नजर कुठे चुकते हे कुणी सांगत नाही. बारीक सळई, साखळी, बंपरच्या उंचीखालचा दगड, तिरक्या पृष्ठभागाची भिंत यांवरून सेन्सरने सोडलेला आवाज नीट परत येत नाही आणि गाडी अगदी जवळ जाईपर्यंत बीप वाजत नाही. कॅमेऱ्याच्या भिंगावर पावसाचा एक थेंब बसला की खांब विरघळून जातो, त्यामुळे बोट फिरवून भिंग पुसणं हे पावसाळ्यातलं पहिलं काम. कॅमेऱ्यातल्या रेषा स्टीअरिंगबरोबर वळत नसतील तर त्या फक्त सरळ मागे जाण्यापुरत्या खऱ्या. आणि जागेत शिरताना रिव्हर्समध्ये शिरावं, म्हणजे निघताना तोंड रस्त्याकडे असतं. थंड डोक्याने, ओळखीच्या जागेत मागे जाणं वेगळं आणि घाईच्या वेळी वाहत्या रहदारीत पाठमोरं बाहेर पडणं वेगळं.

हायवेवरचं गणित याहून कडक आहे. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर नुसतेच गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरनी थांबायला साधारण ३६ मीटर. एकूण सत्तरच्या आसपास. आता त्याच जागी ताशी १०० ने येणारी गाडी बघा. दीड सेकंदात ती ४२ मीटर खाऊन बसते, उरलेल्या २८ मीटरमध्ये ब्रेक कितीही दाबला तरी पहिली गाडी जिथे थांबली असती तिथे ही अजून सत्तरच्या वेगात असते. वीस किलोमीटरच्या फरकाची ही किंमत. ओल्या रस्त्यावर ८० च्या गाडीलाही ब्रेक लावल्यापासून साठहून जास्त मीटर लागू शकतात. तीन सेकंदांचं अंतर ठेवा म्हणतात ते यासाठी: पुढची गाडी एखाद्या खांबाला पार झाली की मोजायला लागायचं, आपण तिथे पोचेपर्यंत तीन व्हायला हवेत. पावसात चार-पाच. यावर ठरलेला आक्षेप असतो की अंतर ठेवलं की कुणीतरी मधे घुसतं. घुसतं, खरंच आहे. मग पुन्हा पाय उचलायचा. दहा जण घुसले तर घरी पोचायला अर्धा मिनिट उशीर.

मोकळ्या अंतराचा दुसरा फायदा फारसा बोलला जात नाही. पुढे जागा असली की ब्रेक हळू लावता येतो, आणि ब्रेक हळू लावला की मागच्यालाही तो वेळेवर दिसतो. मागून बसणारी ठोकर तुमच्या चुकीने झालेली नसते, पण आत्ताच पाहिलं, बोनसला त्याच्याशी देणंघेणं नाही.

टायरचा विषय निघाला आहे तर तो पुरा करू. नक्षीच्या खोबणीत तळाशी आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्याआधी तीनच्या खाली आलेला टायर ठेवू नये. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. '२३२२' म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण रबर कडक झालेला टायर ओल्या वळणावर ऐन वेळी सोडतो, आणि कमी चालणाऱ्या गाड्यांत हाच प्रकार जास्त. हवा भरताना आकडा टायरच्या कडेवर बघू नका. तिथे असतो तो कमाल दाब. आपल्या गाडीचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो आणि तो थंड टायरचा असतो, तासभर पळवून आणलेल्या टायरचा नव्हे.

एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आता सगळ्याच नव्या गाड्यांत आलंय, पण जुन्या गाडीवर शिकलेले पाय अजून तसेच आहेत. ब्रेक दाबून सोडायचा, पुन्हा दाबायचा, ही सवय बिगरएबीएसच्या काळात शहाणपणाची होती. एबीएसमध्ये तीच सवय थांबण्याचं अंतर वाढवते. पेडल खाडकन खाली दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं. तळपायाखाली ते थरथरतं, कुरकुर असा आवाज येतो. तिथेच पुष्कळ जण काहीतरी मोडलं समजून दचकून पाय उचलतात. ती थरथर म्हणजेच एबीएस काम करतंय. चाकं लॉक होत नाहीत, म्हणून त्याच वेळी स्टीअरिंग फिरवून अडथळ्याच्या बाजूने निघता येतं. रिकाम्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर मागे कुणी नसताना ताशी ४० वरून एकदा ही थरथर पायाला मुद्दाम अनुभवू द्यावी. खऱ्या प्रसंगी ती अनोळखी वाटायला नको.

नव्या गाड्यांत कॅमेरा आणि रडार आल्यापासून काचेचा प्रश्न बदलला. पूर्वी पुढची काच फुटली की कोपऱ्यावरचा काचवाला दुपारपर्यंत बसवून द्यायचा. काचेवर घसाराही नाही, त्यामुळे कुणाला फार विचार करावा लागत नसे. आता त्या काचेला आतून कॅमेरा टेकलेला असतो आणि तो लेन, पुढची गाडी, चालणारा माणूस बघत असतो. काच बदलताना त्याचा कोन अगदी जरासा बदलला तरी पन्नास-साठ मीटरवर त्याचं बघणं शेजारच्या लेनमध्ये जाऊ शकतं. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवणं, करावं लागतं. काही गाड्यांना सपाट जमिनीवर, मोजलेल्या अंतरावर खुणेचा फलक उभा करून. काहींना स्कॅनर लावून ठरावीक वेगाने रस्त्यावर चालवून. एस्टिमेटमध्ये 'एडास कॅलिब्रेशन' (एडास म्हणजे कॅमेरा-रडारची ही चालकाला मदत करणारी यंत्रणा) ही ओळ आहे का, एवढं बघायला विसरू नका. नसेल तर क्लेम मंजूर होतानाच ती घालून घ्यावी, बिल झाल्यावर भांडत बसावं लागतं. रडार बहुधा पुढच्या जाळीत किंवा लोगोमागे असतं, तिथे स्टिकर, हार किंवा जाड जाळी लावली की ते आंधळं होतं. बाकी, आपोआप ब्रेक लावणारी ही यंत्रणा आपल्या गर्दीत उगाच दचकते म्हणून लोक ती बंद करून टाकतात. गल्लीबोळांत ते समजण्यासारखं आहे, तरी सरसकट बंद करण्यापेक्षा इशाऱ्याचं अंतर सर्वांत जवळचं ठेवता येतं का ते मेन्यूत शोधावं. हायवेवर ती चालू हवी.

पैसे मोजून घेतलेली सुरक्षा लोक नंतर आणखी पैसे मोजून घालवतात, ही मात्र गमतीदार गोष्ट आहे. पुढे लावलेला लोखंडी बुल बार हे ठळक उदाहरण. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं, तरी ते दिसतात. तो बार चासिसला बोल्टने जोडलेला असतो. धडक बसली की चुरगळण्यासाठी ठेवलेला भाग टाळून मार सरळ चासिसवर जातो आणि क्रॅश सेन्सरना धडक जशी जाणवायला हवी तशी जाणवत नाही. एअरबॅग उशिरा उघडेल किंवा उघडणारच नाही. दुसरं, सीट कव्हर. बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेतून बाहेर येते. शिवण घट्ट मारलेलं जाड कव्हर तिला अडवतं. घ्यायचंच तर त्या कडेला मुद्दाम सैल शिवण किंवा मोकळी फट ठेवलेलं घ्यावं. तिसरं, बेल्टच्या बकलमध्ये खुपसायची ती बनावट क्लिप. बीप बंद होतो, बस. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ती काढून टाकण्याचे आदेश दिले. तिचा धोका नुसता बेल्ट नसण्याचा नाही. एअरबॅग बेल्ट लावलेल्या शरीरासाठी बनवलेली असते. बेल्ट नसलेलं शरीर तोवर पुढे झेपावलेलं असतं आणि पिशवी उघडत असतानाच तिच्यावर जाऊन आपटतं. छाती आणि स्टीअरिंग यांत निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं ते याच कारणाने.

२०२२ च्या जुलैत विमा नियामक आयआरडीएआयने गाडी किती चालते आणि कशी चालते यांवर प्रीमियम ठरवणाऱ्या अ‍ॅड-ऑनना परवानगी दिली. किती चालते हा प्रकार सोपा आहे. किलोमीटरचा टप्पा आधी निवडायचा, ओडोमीटरचा फोटो द्यायचा, कमी चालणाऱ्या गाडीला ओन डॅमेजमध्ये सूट. घरी दोन गाड्या असतील आणि एक आठवड्यातून एकदा निघत असेल तर जरूर विचार करावा. घेण्याआधी एकच गोष्ट वाचायची: ठरवलेले किलोमीटर संपले की ओन डॅमेजचं संरक्षण थांबतं, कमी होतं की टॉप-अप घेऊन चालू ठेवता येतं. कशी चालते हा प्रकार जास्त गुंतागुंतीचा. फोनमधलं अ‍ॅप किंवा गाडीच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटला लावलेलं यंत्र वेग, अचानक ब्रेक, अचानक पिकअप, वळणावरचा जोर, रात्रीचं चालवणं आणि चालवताना फोनला लावलेला हात यांची नोंद ठेवतं. आपल्याकडे रस्त्यात मधेच कुत्रं येतं, रंग उडालेला स्पीडब्रेकर येतो, उलट दिशेने दुचाकी येते. यांतल्या कशासाठी ब्रेक मारला हे यंत्राला कळत नाही, आणि चांगल्या ड्रायव्हरचा स्कोअरही कधी कधी पडतो. पण ब्रेकच्या नोंदींचं पान उघडून बघितलं की बहुतेक वेळा त्याच त्या दोन-तीन जागा आणि तीच वेळ दिसते. कुठे आपण उगाच जवळ जातोय ते तिथे उघडं पडतं, सूट मिळो न मिळो.

पाण्याबद्दल थोडक्यात. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, ते दाबलं जात नाही, आणि सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पाण्याने केलं नसून सेल मारल्याने झालं, असं म्हणून साध्या पॉलिसीत नाकारलं जातं. इंजिन प्रोटेक्ट हे अ‍ॅड-ऑन लागतं ते इथे. गाडी ढकलून कोरड्यात घ्यायची, बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि टो करून न्यायची.

रिन्यूअलच्या कागदावरच्या उरलेल्या ओळी पटकन पाहून घेऊ. जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी यंत्रणेला ओन डॅमेजवर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये. ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदाला ५ टक्के, कमाल २००. गाडीच्या कंपनीतूनच आलेल्या इमोबिलायझरसाठीही (मूळ किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) प्रमाणपत्र मागतात, ते डीलरकडून पहिल्याच दिवशी घेऊन ठेवलेलं बरं. गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या जपाव्यात, चोरीच्या क्लेममध्ये दोन्ही मागतात आणि एक हरवलेली असली तर खुलासे देत बसावं लागतं. पंधरा लाखांचा स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तर पॉलिसीतला मालक-चालकाचा भाग पुन्हा घ्यावा लागत नाही, पण तसं सांगितल्याशिवाय तो कुणी काढत नाही. व्हॉलंटरी डिडक्टिबलचे टॅरिफचे आकडे असे होते: २,५०० स्वतः सोसायचे कबूल केले तर २० टक्के सूट पण कमाल ७५०, ५,००० ला २५ टक्के, कमाल १,५००, ७,५०० ला ३० टक्के, कमाल २,०००, १५,००० ला ३५ टक्के, कमाल २,५००. आज कंपनी आपले आकडे ठेवू शकते, म्हणून कोटेशनमध्ये विचारून घ्यायचे. या जुन्या आकड्यांत ५,००० चा टप्पा साधारण साडेतीन वर्षं क्लेम झाला नाही की वसूल होतो, १५,००० चा मात्र सहा वर्षांनी. आणि छोटा क्लेम करायचाच नाही हे वरच्या बंपरवरून ठरलेलंच असेल, तर पहिले पाच हजार स्वतःच्या खिशातून जाणारच आहेत. त्यांचे दीड हजार दरवर्षी आधीच कापून घेतलेले काय वाईट.

राहिला बोनस सांभाळण्याचा भाग. तो गाडीला चिकटलेला नसतो, मालकाचा असतो. गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यावं, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या पॉलिसीला लागतं. नव्या कारला डीलर देईल ती पॉलिसी घेताना हे पत्र पुढे केलं नाही तर ५० टक्क्यांवर पोचलेला माणूस शून्यापासून सुरुवात करतो, आणि हे सर्रास होतं, कारण डिलिव्हरीच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष पेढ्यांकडे आणि फोटोकडे असतं. जुनी गाडी घेतली तर आधीच्या मालकाचा बोनस आपल्याला लागू होत नाही. पॉलिसी नावावर करून घेताना फरकाची रक्कम भरावी लागते. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'मागच्या वर्षी क्लेम केला होता का' या प्रश्नाला घाईत 'नाही' असं टिक करू नका. कंपन्या आपसांत पडताळणी करतात, आणि ती उघडकीला येते ती मोठा क्लेम टाकला असतानाच. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू झाली नाही तर सगळा बोनस जातो, आणि मधल्या दिवसांत गाडी रस्त्यावर आणली तर बिनविम्याचीच. संपण्याच्या तारखेआधी पंधरा दिवस दोन-तीन कोटेशन मागवायची, आणि ती ताडून बघताना आयडीव्ही, डिडक्टिबल आणि अ‍ॅड-ऑन तिन्ही सारखी आहेत ना एवढं बघायचं. आयडीव्ही खाली ओढून स्वस्त केलेलं कोटेशन पहिल्या नजरेला नेहमीच सर्वांत आकर्षक दिसतं.